परिवहन मंत्रिमहोदय, माझी स्कूटर बंद शटरच्या आत आहे

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, याची जाणीव ठेवून लिहितो आहे. गेल्या सोमवारी मी माझी इलेक्ट्रिक स्कूटर आणायला वाकडजवळच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. बोर्ड उतरवलेला, शटर खाली आणि शटरला जागामालकाचं कुलूप. फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला. आत तीस-चाळीस गाड्या धूळ खात उभ्या. त्यात माझी. शेजारचा चहावाला म्हणाला, "भाडं थकलं होतं त्यांचं. रोज पाच-सहा जण येऊन असंच डोकावून जातात."

गाडी तिथे जाऊन 47 दिवस झाले. भूमकर चौकात, संध्याकाळच्या कोंडीत, भर पावसात ती बंद पडली. चाक, मोटर, वायर सगळं शाबूत होतं. आदल्या रात्री सॉफ्टवेअर अपडेट आला होता, तेवढंच. मी प्रोग्रॅमर आहे. बॅटरी आणि कंट्रोलर यांचं आपसातलं बोलणं तुटलंय, हे मला पडद्यावरच्या एरर कोडवरून कळत होतं. सेंटरमधल्या पोराने लॅपटॉप जोडला आणि हात वर केले. "सर, वरून ओके आल्याशिवाय आपल्याला काही करता येत नाही." वरून म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून. बार्शीत पप्पांची एम-80 बंद पडली की ते प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, फुंकर मारायचे, गाडी सुरू. माझ्या सव्वा लाखाच्या गाडीला बार्शीतलाच काय, पुण्यातलाही बाहेरचा मेकॅनिक हात लावू शकत नाही. बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे म्हणे. वॉरंटी मागायची कुणाकडे? चहावाल्याकडे?

ही गाडी मी हौसेने घेतली नाही. पेट्रोल शंभरीपार गेलेलं. हिंजवडी मेट्रोचं भूमिपूजन 2018 च्या डिसेंबरात झालं, तेव्हा मी बारावीत होतो. इंजिनिअर झालो, नोकरीला लागलो, तरी ऑफिसला जायला मला तिचा उपयोग झाला नाही. 2025 पर्यंत नव्या गाड्यांत 10 टक्के इलेक्ट्रिक करू, हे 2021 च्या धोरणात सरकारनेच लिहिलं होतं. रस्ता कर माफ केला. केंद्राचं अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर, दर किलोवॅट-तासाला 15 हजार रुपये होतं, 1 जून 2023 ला ते 10 हजारांवर आणलं, मी 2024 मध्ये गाडी घेतली तोवर 5 हजारांवर. तरीही घेतली, कारण सरकार म्हणत होतं, हेच भविष्य.

सॉफ्टवेअरमधल्या नोकरीबद्दलही हेच सांगितलं होतं. ऑफर लेटर हातात आल्यावर जॉइनिंगची वाट बघण्यात माझे अकरा महिने गेले. पगार वर्षाला साडेतीन लाख. दहा वर्षांपूर्वी लागलेले सीनियरही याच आकड्यावर लागले होते, तेव्हा वाकडमध्ये खोलीचं भाडं निम्मं होतं. गेल्या महिन्यात एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावलं. राजीनाम्याचा मजकूर स्क्रीनवर आधीच टाइप केलेला. "स्वतःहून दिलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, विचार कर." विचाराला वीस मिनिटं. कागदावर माझी कपात झालेलीच नाही, मी राजीनामा दिला आहे. माझ्या टीममधल्या सहाही जणांनी त्याच आठवड्यात "स्वतःहून" दिला. कामगार खात्याला हे दिसणार कसं? कुणी बघायला येतं का?

नोकरी गेली, गाडी अडकली, पण 5 तारखेला 3,800 रुपयांचा हप्ता कापला जातो. तो मात्र एकदाही चुकला नाही.

तुम्ही म्हणाल, अनुदान केंद्राचं, नोकऱ्या दुसऱ्या खात्याच्या. मग विक्रेत्याला ट्रेड सर्टिफिकेट कोण देतं? तुमचं आरटीओ. शोरूम उघडताना कागद तपासता, तर सर्व्हिस बंद करताना का नाही? 2024 च्या ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या कंपनीला दहा हजारांवर तक्रारींवरून नोटीस काढली होती. माझी कंपनी ती नव्हे, ती इतकी लहान आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षही नाही. 2025 च्या नव्या धोरणासाठी तुमच्या सरकारने 1,993 कोटी काढले. त्यातला रुपया कंपनीला देण्याआधी तिच्याकडून अनामत घ्या. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या मेकॅनिकला खुलं करायला लावा. आणि कंपनीने गाशा गुंडाळला तरी गाडी सर्व्हरशिवाय सुरू झाली पाहिजे, अशी अट घाला. हे अशक्य नाही. असा कोड मी स्वतः लिहू शकतो, माझ्यासारखी हजारो पोरं लिहू शकतात, आणि त्यातली कितीतरी आज घरी बसून आहेत.

गुरुवारी खराडीत इंटरव्ह्यू आहे. दोन बस बदलून जाईन. तोवर निदान ते शटर उघडायला कुणाला तरी पाठवा. डावीकडच्या रांगेत तिसरी, राखाडी रंगाची. हेल्मेट अजून आरशाला लटकलेलं आहे.

आपला,
वाकडमधला एक प्रोग्रॅमर