मनूस, पोस्ट-ड्यूटीच्या रात्री

रेसिडेंट हॉस्टेल,
रात्रीचे पावणेदोन

प्रिय मनू,

तुझा मेसेज दुपारी ओपीडीत वाचला. ‘सगळं सोडून घरी जावंसं वाटतं. कधी कधी तर वाटतं, सकाळी जागच येऊ नये.’ फोन केला असता तर तू ‘मी बरी आहे गं’ म्हणून विषय बदलला असतास. म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते, तू कच्ची नाहीस. रेसिडेंट डॉक्टरची ड्यूटी सहसा दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावी, असं केंद्र सरकारने १९९२ सालीच कागदावर आणलंय. आपला तेव्हा जन्मही झाला नव्हता. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. त्यांच्या पाहणीत सुमारे १५ टक्के पीजींनी, म्हणजे आपल्यासारख्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, आपल्याला मानसिक आजार असल्याचं स्वतःहून सांगितलं. तुझ्या वॉर्डात तू एकटीच रडतेस असं समजू नकोस.

माझ्या पहिल्या वर्षाचं तुला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका इमर्जन्सी ड्यूटीला कीटकनाशक प्यायलेला तरुण शेतकरी आला. रात्रभर अ‍ॅट्रोपिन, त्या विषावरचा उतारा. छाती ऐकायची, नाडी मोजायची, छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट. पहाटे ट्रेमध्ये फोडलेल्या अ‍ॅम्प्यूल्सचा खच पडला होता आणि माझ्या अंगठ्याला काच लागून रक्त येत होतं, तेही मला सिस्टरने दाखवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी डेथ समरी लिहिली आणि पुढच्या बेडचं ब्लड कलेक्शन करायला गेले. युनिटमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. वॉर्डातल्या मावशींनी तेवढा हातात चहा दिला आणि म्हणाल्या, ‘बस जरा, पोरी.’ तिथेच स्टुलावर बसून मी ढसाढसा रडले.

आणि तरी दुसऱ्या वर्षी, लॅबमधून रिपोर्ट ट्रेस करायचा राहिला म्हणून मी माझ्या ज्युनिअरला सगळ्यांसमोर झापलं. ‘आम्हीपण केलंय’ असं म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर मला मीच दिसले. त्या रात्री तिच्या खोलीवर जाऊन माफी मागितली.

तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये थोडं बदललंय. सकाळचं कलेक्शन तिघं वाटून घेतो, तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंटसुद्धा. रात्रभर इमर्जन्सी केलेल्याने हॅण्डओव्हर देऊन दुपारी बाराला खोलीवर जायचं. नंतर त्याला फोन करायचा नाही, मला करायचा. पेशंट गेला तर समरी लिहिणाऱ्याशेजारी कुणीतरी बसायचं. बोलायलाच हवं असं नाही. युनिटच्या मॅडमना भीत भीत विचारलं होतं, त्या एवढंच म्हणाल्या, ‘राउंडला सगळे जागे दिसले तर मला चालेल.’ दिसतात. योगाचं व्याख्यानही झालं होतं आमच्याकडे, ठीक होतं. पण निम्मे जण तिथेच झोपले. त्यांना झोपच हवी होती.

तुझ्याकडे हे सगळं लगेच होणार नाही, माहीत आहे. पण तुझ्याबरोबरच्या एका को-पीजीला तरी धर. ‘तू माझे चार पेशंट बघ, मी झोपते, मग मी तुझे बघते,’ एवढं बोलायची हिंमत कर. तीही कदाचित हेच विचारायची वाट बघत असेल. वर्षाला २० दिवसांची किरकोळ रजा २०२३ च्या पीजी नियमांत आहे. माग. आणि ते सकाळी जाग न येण्याचं, ते मला मनाला लागलंय. तसा विचार परत आला तर रात्री कितीही वाजले असोत, मला फोन कर. मी ड्यूटीत अडकले असले तर टेली-मानसला लाव, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असतो. तुमच्या सायकिअ‍ॅट्रीच्या ओपीडीत जायला लाज कसली? आपण पेशंटला रोज पाठवतोच ना.

रविवारी मला सुट्टी आहे. पहिल्या एसटीने निघते, दहापर्यंत पोचेन. आईने थालीपिठाची भाजणी पाठवलीय, ती आणते. फोन उचलला नाहीस तर झोपलीस असं समजेन आणि खाली थांबेन. तू उठायची घाई करू नकोस.

तुझीच,
सुमी