चट्टा दिसेनासा झाला म्हणजे उपचार झाला?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवरचा लेख वाचला. भाषा सोपी ठेवल्याबद्दल लेखक डॉक्टरांचे आभार. इतकी सोपी, की ‘बायोप्सी’ (तुकडा काढून तपासणं) हा शब्दसुद्धा तिला जड झाला असावा, कारण अख्ख्या पानात तो कुठे सापडला नाही. टाके नाहीत, रक्त नाही, अर्ध्या तासात लेझर, की चट्टा गेला आणि काळजी मिटली! रात्रभर चरफडले आणि आता लिहायला बसले आहे.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. तोंडातून काढलेला तांदळाएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून आमच्याकडे यायचा. मेणात बसवून त्याचे पातळ काप काचेवर चढायचे आणि मग पेशी बिघडल्यात का, किती बिघडल्यात, ते डॉक्टर सांगायचे. या बिघाडाला डिस्प्लेसिया म्हणतात. तो सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतो. नुसतं लक्ष ठेवायचं की चट्टा कापून काढायचा, हे बरंचसं त्यावर ठरतं. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन चट्ट्यांपैकी एक नुसता जाड झालेला असतो आणि दुसऱ्यात कॅन्सर सुरूही झालेला असतो. डोळ्यांनी ते कळत असतं तर आमच्या लॅबची गरज काय होती?

माझ्या दिरांचं सांगते. त्यांच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला, बोटाने पुसला तरी जाईना. ज्या दवाखान्यात गेले तिथे त्यांना विचारलं, विडी-तंबाखू? नाही. सुपारी? नाही. ‘मग घाबरता कशाला?’ म्हणून लेझरने चट्टा जाळून टाकला. तुकडा तपासायला पाठवलाच नाही. मी रिपोर्ट मागायला गेले तर गुळगुळीत कागदावर जिभेचा रंगीत फोटो आणि खाली ‘उपचार यशस्वी’. काही महिन्यांनी चट्टा त्याच जागी हजर. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी शेजारच्या दाताची बोचरी कड घासून दिली, दोन आठवडे वाट पाहिली, आणि चट्टा ढिम्म हलला नाही तेव्हा तुकडा काढला. रिपोर्ट मध्यम डिस्प्लेसियाचा आला. त्यांनी विचारलं, ‘आधीचा रिपोर्ट कुठाय?’ काय दाखवणार, रंगीत फोटो? हा बिघाड पहिल्या दिवसापासून होता की मधल्या काळात वाढला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. धूर झालेल्या पेशींची स्लाइड बनत नाही.

आणि ‘व्यसन नाही, मग घाबरता कशाला’ हा दिलासा तर उलटाच आहे. व्यसन नसलेल्या माणसाचा असा चट्टा कॅन्सरकडे झुकण्याची शक्यता जास्तच मानतात. जिभेची कड आणि जिभेखालचा भाग या जागाही जोखमीच्या. दिरांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी होत्या आणि दवाखान्याने त्यांना निश्चिंत करून घरी पाठवलं.

माझं लेझरशी वैर नाही. लेझरने चट्टा कापून तुकडा लॅबला पाठवता येतो, चांगले सर्जन तसंच करतात. पण नीट कापून काढला तरी तो परत येऊ शकतो, किंवा तोंडात भलतीकडेच कॅन्सर निघू शकतो. म्हणून वर्षानुवर्षं तपासणीला जायचं असतं. तुमच्या लेखात ‘पुन्हा दवाखान्याची पायरी चढायला नको’ असं ठळक छापलंय! व्हिटॅमिन ‘ए’, बीटा-कॅरोटिनच्या कॅप्सूलांचंही कौतुक आहे. चट्टे त्यांनी लहान होतात हे खरं, पण औषध थांबवलं की पुष्कळांचे परत येतात. अशा पांढऱ्या चट्ट्यांना ल्युकोप्लाकिया म्हणतात. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा त्यावरचा २०१६ चा आढावा काय सांगतो? कॅन्सर टळतो असं यातल्या कुठल्याच औषधाबद्दल सिद्ध झालेलं नाही.

लाल चट्ट्याबद्दल तर अवाक्षर नाही. तो पांढऱ्यापेक्षा कितीतरी घातक. तपासायला आला तेव्हा बहुतेक वेळा त्यात तीव्र डिस्प्लेसिया किंवा कॅन्सरच निघतो. पण दुखत नाही, मग कोण जातंय?

सबम्युकस फायब्रोसिसला, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासं होण्याच्या आजाराला, लेखात एक ओळ मिळाली: ‘इंजेक्शनने तोंड पूर्ववत उघडते.’ स्टिरॉइड आणि हायल्युरोनिडेजच्या इंजेक्शनांनी, व्यायामाने तोंड थोडं जास्त उघडतं, जेवता येतं, हे काही कमी नाही. पण गालातले ताठर पट्टे पूर्ववत होत नाहीत आणि कॅन्सरचा धोकाही तसाच राहतो. या आजाराचं मुख्य कारण सुपारी, बिनतंबाखूची असली तरी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ च्या अहवालात नुसती सुपारीही कर्करोगजनक ठरली आहे. लेखात मात्र फक्त ‘तंबाखू टाळा’. तंबाखू सोडण्याबद्दल लिहायचंच होतं तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी हजारो तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना समजावून काय साधलं, ते तरी लिहायचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८६ साली आलंय: लोकांनी सवय सोडली, कमी केली आणि नवे चट्टे येण्याचं प्रमाण घटलं. त्यात लेझर नव्हता, म्हणून राहिलं असेल.

आणखी एक. लेखाखाली दवाखान्याचा फोन नंबर आणि ‘वाचकांसाठी सवलत’ छापली आहे. जाहिरात असेल तर वर तसं लिहीत चला, आम्ही त्या हिशेबाने वाचू. मागे माझ्या पत्रातला मधला परिच्छेद तुम्ही गाळलात आणि मी ज्या निर्णयाला विरोध केला होता त्याचंच मी स्वागत केल्यासारखं छापून आलं. शेजारणीने अभिनंदनही केलं. या वेळी कात्री लावायचीच असेल तर माझं नाव उडवा, बायोप्सीला हात लावू नका.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन