बाबांच्या कॅमेऱ्याला लेन्स कुठली?

पुणे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

दादाने त्याचा सोनी ए७ ३ कॅमेरा बाबांना देऊन टाकला हे कळल्यापासून माझ्या डोक्यात लेन्सचाच विचार चाललाय. बाबा, तुमच्या मनात २४-७० एफ/२.८ जी मास्टर भरलीय, हे फोनवरच्या आवाजावरूनच कळलं. लेन्स उत्तम आहे, त्यात वाद नाही. तरीही तुम्ही ती घेऊ नये असं मला वाटतं. का, ते फोनवर तुटक सांगण्यापेक्षा नीट लिहून पाठवते. आई, तूही वाच, कारण मी तुला एक काम सांगणार आहे. तुझ्यासाठी एवढंच: २४-७० हे लेन्सचे मिलिमीटर. आकडा लहान तेवढं जास्त मावतं, मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. आणि एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड (ॲपर्चर) मोठं उघडतं.

आधी वजन. नुसता कॅमेरा ६५० ग्रॅम आहे. २०१६ साली आलेली पहिली २४-७० जी मास्टर ८८६ ग्रॅमची, म्हणजे दोन्ही मिळून दीड किलोच्या वर. २०२२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, ती ६९५ ग्रॅमवर आणली आहे, पण तिची किंमत या कॅमेऱ्याच्या बॉडीपेक्षा जास्त आहे. सिग्माची २४-७० आर्ट स्वस्त पडते, पण पहिली आवृत्ती ८३० ग्रॅम. तुमचा पेंटॅक्स के१००० आणि त्याची ५०ची लेन्स मिळून किलोभरसुद्धा नव्हतं, आणि तेव्हा मान दुखत नव्हती. डॉक्टरांनी मानेवर ओझं नको म्हणून बजावलंय. जड कॅमेरा दोन-तीनदा बाहेर निघेल आणि मग कपाटात बसेल. तुम्ही रोज सकाळी चौपाटीवर जाताना तो गळ्यात असावा, असं मला मनापासून वाटतं.

आता एफ/२.८ बद्दल. ती तुम्हाला का हवीशी वाटते हे मला कळतं. ४०० आयएसओचा, म्हणजे उजेडाला तेवढ्या संवेदनशीलतेचा, रोल घातला की छत्तीस फोटो तोच. संध्याकाळ झाली की लेन्सचं तोंड मोठं असण्यावाचून दुसरा उपाय नसे. एफ/४ पेक्षा एफ/२.८ मधून दुप्पट उजेड आत येतो, हे आजही खरंच आहे. पण या कॅमेऱ्यात दर फोटोला आयएसओ बदलता येतो. जिथे एफ/२.८ला १६०० लागेल तिथे एफ/४ला ३२०० ठेवायचा, एवढाच फरक. ६४००वर काढलेला फोटोही ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला छान येतो. मी दादाच्या याच कॅमेऱ्यातून काढून पाहिलेत.

हात थरथरतो म्हणून तुम्हाला एफ/२.८ सुरक्षित वाटते का? त्यासाठी बॉडीतच स्थिरीकरण आहे, सेन्सर पाच प्रकारच्या हालचाली सावरतो. देव्हाऱ्यातली समई, मखर, शांत बसलेला माणूस, हे सगळं त्याने सांभाळलं जातं. फक्त समोरचा माणूसच हलत असेल तर स्थिरीकरण काही करू शकत नाही, तिथे वेगवान शटरच लागतं. तुम्ही पूर्वीसारखे साहित्य संघात नाटकांचे फोटो काढत असतात, तर मी निमूटपणे २.८ घ्या म्हटलं असतं. रंगमंचावर फ्लॅश चालत नाही आणि नट थांबत नाहीत. पण आता तुम्ही काढता काय? खोताची वाडी, बाणगंगा, पाडव्याची शोभायात्रा, केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती, आणि घरची माणसं. शोभायात्रा सकाळच्या उन्हात असते, तिथे एफ/४ पुरून उरेल.

टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ बरेच जण सुचवतील. तिची दुसरी आवृत्ती ५४० ग्रॅमची आहे, किंमतही आवाक्यातली. मला ती आवडते. अडचण एकच, ती २८पासून सुरू होते. २८ला ७५ अंश दिसतात, २४ला ८४ आणि २०ला ९४. आकडे किरकोळ वाटतात, पण आपली पुढची खोली आठवा. गणपतीत मखर आणि समोर आरतीला उभी असलेली सगळी माणसं एका फोटोत घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते आणि तरी कडेची आत्या कापली जाते. खोताच्या वाडीतही तेच. लाकडी जिना, गॅलरी आणि खालचं दार एकत्र हवं असेल तर मागे सरकायला जागाच नाही. मुंबईत फोटो काढणाऱ्याला लांबचं जवळ आणण्यापेक्षा जवळचं चौकटीत मावण्याचा प्रश्न जास्त पडतो.

म्हणून माझं मत सोनीच्या २०-७० एफ/४ जी या लेन्सला आहे. २०२३ साली आली, वजन ४८८ ग्रॅम. कॅमेऱ्यासकट साधारण १,१४० ग्रॅम होतं. धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखायची सोय आहे. आणि बाबा, हिला ॲपर्चरची कडी आहे! बोटांनी फिरवायची, टकटक आवाज करणारी, तुमच्या पेंटॅक्ससारखी. टॅमरॉनला ती नाही. तुम्ही आयुष्यभर डोळा न काढता डाव्या हाताने ॲपर्चर बदललंत, मेन्यूत शिरून बटणं दाबायला लागू नयेत असं मला वाटतं. शिवाय ही अगदी जवळून फोकस करते. आईच्या कुंडीतली जास्वंद, दारची रांगोळी, मोदकाच्या कळ्या, सगळं चौकटभर येईल.

दादा २४-१०५ एफ/४ म्हणतोय. तीही चुकीची नाही. लेन्समध्येच वेगळं स्थिरीकरण आहे आणि रस्त्यापलीकडच्या लेझीमवाल्या मुलीचा चेहरा जवळ घेता येतो. पण ६६३ ग्रॅम. आणि ७०च्या पुढे लागलंच तर कॅमेऱ्यात एपीएस-सी क्रॉप चालू करायचा, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायचा, मग ७०ला १०५ इतकंच दिसतं. फोटो २४ ऐवजी १० मेगापिक्सेलचा होतो, ८ बाय १२ला तेवढे पुरतात. शिवडीचे फ्लेमिंगो मात्र यातल्या कशानेच जमणार नाहीत, ते डोक्यातून काढून टाका.

चिनू घरी ट्यूबलाइटखाली धावतो त्याचे फोटो धूसर यायला लागले, तर पुढे ५० एफ/१.८ घेऊ. १८६ ग्रॅमची छोटी लेन्स आहे, फार महाग नाही. आत्ताच नको.

आई, आता तुझं काम. बोराबाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात तू बाबांबरोबर जाच. गिरगाव स्टेशनवरून मेट्रोने सीएसएमटी, मध्ये फक्त काळबादेवी. स्वतःचा कॅमेरा आणि कार्ड बरोबर न्या. २०-७० आणि २४-१०५ दोन्ही आळीपाळीने लावून बाबांनी दहा-दहा मिनिटं गळ्यात अडकवून दुकानात फिरावं. त्यांचा हात मानेकडे जातो का ते तू बघ, ते स्वतः सांगणार नाहीत. समोरच्या पाटीचा फोटो २०, ३५ आणि ७०वर काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा धूसर दिसला तर दुसरा नग मागा. बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, कितीही स्वस्त सांगितलं तरी.

घरी आणल्यावर चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही. बाबांच्या जुन्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी आली ती आठवते ना? आपल्या हवेत ती काचेवर जाळं धरते आणि आतलं कोटिंग खाते. घट्ट झाकणाचा मोठा डबा, तळाला सिलिका जेल, आणि आत ओलावा दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वापरत राहायचं.

निम्मे पैसे मी घालणार आहे, त्यावर वाद नको. दुकानातून फोन करा, दुपारी एक ते दोन मी मोकळी असते. आई, गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो अजून आला नाही, तो आज पाठव.

तुमची,
मनू