ग्रंथपालताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या वाचक मंडळापुढे विनोबांवर बोलायचे मी कबूल केले, तेव्हा ‘गीता प्रवचने’ची एक जुनी प्रत आणि भूमिहीनांसाठी जमीन दान मागणाऱ्या त्यांच्या भूदान चळवळीविषयी शाळेत वाचलेली चार वाक्ये एवढेच माझे भांडवल होते. कापूस वेचणीच्या त्या दिवसांत वाचनालय बंद करण्याची वेळ टळून गेल्यावरही आपण थांबलात, कपाटे धुंडाळून संदर्भ काढून दिलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

विनोबांचा जन्म १८९५ चा, कोकणातल्या गागोद्याचा. परंतु खानदेशी श्रोत्यांपुढे सुरुवात धुळ्याच्या तुरुंगापासून करावी, हा आग्रह आपला. तेथे १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर विनोबा बोलत गेले, आणि त्यांच्यासोबत कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ती अठराही प्रवचने लिहून घेतली, म्हणूनच ती पुढे अनेक देशी-परदेशी भाषांत जाऊ शकली. बोलणाऱ्याइतकेच टिपून घेणाऱ्याचे ऋण आपण माझ्या ध्यानात आणून दिलेत. (गुरुजी अमळनेरच्या शाळेतले शिक्षक, त्यामुळे श्रोत्यांची मान जरा ताठ झाली, हेही कळवतो.)

तेलंगणातल्या पोचमपल्लीत १९५१ साली सुरू झालेल्या भूदानाची कीर्ती आणि १९५८ चा मॅगसेसे पुरस्कार मला ठाऊक होता. मात्र फ्रान्समध्ये गांधीविचारांवर आश्रम उभारणारे लांझा देल वास्तो १९५४ मध्ये भारतात येऊन विनोबांबरोबर पायी चालले, किंवा अण्वस्त्रांच्या निषेधार्थ १९६२ मध्ये दिल्लीहून वॉशिंग्टनकडे पायी निघालेल्या सतीश कुमार आणि ई. पी. मेनन यांना ‘जवळ पैसे ठेवू नका’ असा सल्ला विनोबांनीच दिला होता, हे आपण दिलेल्या पुस्तकांतून समजले.

आपण केवळ गौरवाचीच पाने दिली नाहीत, याचे मला विशेष मोल वाटते. भूदानातली कितीतरी जमीन नापीक निघाली, कितीतरी वाटलीच गेली नाही, आणि आणीबाणीच्या संदर्भात वापरलेल्या ‘अनुशासनपर्व’ (शिस्तीचा काळ) या शब्दावरून विनोबांवर कठोर टीका झाली, ही टिपणे आपण गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवली होती. सभेत पहिलाच प्रश्न एका शेतकऱ्याने खडकाळ जमिनीच्या दानाबद्दल विचारला. आपल्या त्या टिपणांमुळेच मला सरळ उत्तर देता आले, आणि त्यानंतर लोक अधिक मोकळेपणाने बोलू लागले.

मंडळाने आता ‘गीताई’चे, म्हणजे विनोबांनी केलेल्या गीतेच्या मराठी पद्यानुवादाचे, सामुदायिक वाचन ठरवले आहे. पुस्तके सोमवारी परत पाठवतो. ‘गीताई’च्या जादा प्रती मिळू शकल्या, तर कृपया कळवावे.

आपला कृतज्ञ,
वाचक मंडळाचा एक सभासद