गोठला म्हणून मध नकली ठरत नाही

संपादक महोदय,

शुद्ध मध घरच्या घरी कसा ओळखावा यावरचा आपल्या पेपरातला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मध गोठला तर नकली, आणि पाण्यात सरळ तळाशी गेला तर अस्सल, असं त्यात म्हटलंय, हे दोन्ही चूक आहे. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन मुख्य साखरा असतात, त्यातलं ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं म्हणून थंडीत त्याचे स्फटिक होतात, बरणीच्या तळाशी पांढरट रवाळ थर दिसतो ना तो हाच, मोहरीच्या फुलांचा मध तर काढल्यावर थोड्याच आठवड्यांत गोठतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की परत पातळ. आणि पाण्याचं म्हणाल तर साखरेचा दाट पाकही तस्साच तळाशी जातो! भेसळ पकडायला लॅबच लागते, त्यातही तांदळाचा सिरप काही टेस्टना चकवतो. एक कामकरी माशी आयुष्यभरात जेमतेम चमच्याचा बारावा भाग मध बनवते, आणि असा मेहनतीचा मध केवळ गोठला म्हणून लोक परत करतात तेव्हा मधपाळाला काय वाटत असेल. कृपया दुरुस्ती छापा.

– एक वाचक