सड्यावरचे अष्टपैलू आणि रवी शास्त्री

महोदय,

दिवाळी सरली की कोकणात सड्यासड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. दोन षटके टाकून दोन षटकार मारले की पोरगा 'अष्टपैलू'! खरा अष्टपैलू कसा घडतो ते भारताचे माजी कसोटीपटू रवी शास्त्री यांच्याकडे पाहावे. फेब्रुवारी १९८१ मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळले ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून, फलंदाजीला दहाव्या क्रमांकावर. दोन वर्षांच्या आत ते सलामीला आले. फटके मोजकेच. बॅट पॅडलगत ठेवायची, सरळ चेंडू सरळ खेळायचा, पायावर आला की मनगटाने लेगला वळवायचा, तोच तो 'चपाती शॉट'. लोक कंटाळायचे, हे खरे. पण सिडनीत १९९२ मध्ये २०६ धावा याच भांडवलावर झाल्या. शेवटी हिशेब ८० कसोटी, ३८३० धावा, १५१ बळी. गुडघा साथ देता तर तिशीत थांबावे लागले नसते.

आपल्याकडे घोडे अडते ते जांभ्यावर. हलका चेंडू छातीपर्यंत उसळतो, म्हणून मुले मागे राहून आडवी बॅट फिरवतात. तीच मुले लेदरच्या चेंडूवर, खाली राहणाऱ्या खेळपट्टीवर पायचीत होतात. आयोजकांनी निदान मुलांच्या सरावाला काथ्याची मॅटिंग ताणून, कडेला खिळे ठोकून घालावी. सैल राहिली तर उसळी पुन्हा बेभरवशाची. फिरकीवाल्यांनी दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्याला तोंड करून टाकावे, चेंडू फलंदाजाच्या अंदाजाआधीच खाली बसतो.

– एक क्रिकेटप्रेमी, रत्नागिरी