मातुलानी म्हणजे मामी, आणि भांगसुद्धा

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

महाशिवरात्रीच्या रात्री तुझा फोन आला तेव्हा तू हसत होतीस, आणि ते हसू काही केल्या थांबत नव्हतं. "आई, भांगेची ठंडाई घेतली. प्रसाद आहे गं! अथर्ववेदातही आहे म्हणे. तू घेतलीस का कधी?" मी म्हटलं, "पाणी पी आणि झोप," आणि फोन ठेवला. रुग्णाने असा प्रश्न विचारला असता तर मी नीट उत्तर दिलं असतं. पोटच्या मुलीने विचारला तर टाळला. चार दिवस ते टोचतंय, म्हणून लिहायला बसले.

हो, घेतलीय. एकदाच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, होळीचा दिवस. वसतिगृहातल्या एका उत्तरेकडच्या मैत्रिणीने पाट्यावर भांग घोटली. बडीशेप, मिरी, बदाम, खसखस, वर भरपूर दूध. एक पेला घेतला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, काहीच नाही. मग मी शहाणपणाने म्हटलं, "ही पाणचटच दिसतेय," आणि दुसरा पेला रिचवला. त्यानंतर तासाभराने मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते आणि चौथी पायरी कुठे गेली ते मला सापडत नव्हतं. घड्याळात पाच मिनिटं जात आणि मला वाटे संध्याकाळ झाली. छाती धडधडत होती. आपण आता अशाच राहणार, घरी काय सांगायचं, या भीतीने मी रडले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड होतं. गंमतही वाटली होती, खोटं कशाला बोलू, पण ती पहिल्या पेल्याची. दुसऱ्याने ती सगळी पुसून टाकली.

तेव्हा कळलं नव्हतं, आता सांगू शकते. चिलमीचा धूर छातीत गेला की काही मिनिटांत डोक्यात पोचतो. माणसाला कळतं की पुरे झालं. पोटातून घेतलेली भांग मात्र आतड्यातून यकृतात जाते. तिथे तिच्यातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याचं आणखी एक रूप तयार होतं आणि ते मेंदूत जास्त सहज शिरतं. चढायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात, आणि उतरायला सहा-आठ तास. म्हणजे "अजून चढली नाही" असं वाटतं त्या वेळेला अर्धी भांग वाटेवर असते. भांग तुपात परततात किंवा दुधात शिजवतात तेही उगीच नाही. कच्च्या पानातलं द्रव्य उष्णतेशिवाय नशा देत नाही आणि ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. प्रयोगशाळेत हे समजायच्या कितीतरी आधी घोटणाऱ्या हातांना ते ठाऊक होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता अथर्ववेद. आहे, खरंच आहे. अकराव्या कांडात सोमासह पाच वनस्पतींची नावं घेऊन 'आम्हाला संकटातून सोडवा' अशी प्रार्थना आहे. दर्भ, यव यांच्या बरोबरीने 'भंग' हा शब्द येतो. पण मृण्मयी, तिथे कुणी पेला भरून घेत नाहीये. नशेचा उल्लेख नाही, मात्रा नाही. तो भंग म्हणजे आपली हीच भांग का, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. तेव्हा वेदाचा दाखला देऊन ठंडाई पिणाऱ्याला मी एवढंच विचारीन की बाबा रे, दर्भ का नाही खाल्लास?

आमच्या आयुर्वेदात ती ठसठशीतपणे दिसते ती बरीच नंतर. शार्ङ्गधर संहितेत 'व्यवायी' द्रव्याचं उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची जोडी दिली आहे. आधी सगळ्या शरीरात पसरतं आणि मग पचतं, ते व्यवायी. जिन्याच्या पायरीवर बसलेल्या मला ती व्याख्या आठवली असती तर बरं झालं असतं! सोळाव्या शतकातला भावप्रकाश तिची नावंच देतो: भंगा, गंजा, मातुलानी, मादिनी, विजया, जया. मातुलानी म्हणजे मामी. वर्गात हा श्लोक आला तेव्हा आम्ही बाकावर डोकं टेकून हसलो होतो, आणि सर म्हणाले, "हसा, पण पुढची ओळ पाठ करा." पुढच्या ओळीत गुण आहेत: कफ हरणारी, कडू, उष्ण, पातळ जुलाब बांधणारी, अन्न पचवणारी, अग्नी वाढवणारी. आणि त्याच दमात, श्वासही न घेता: मोह आणणारी, वाणी मंद करणारी.

मंदवाक्. या शब्दावर मी अडकले, कारण मला एकदम थोरले काका आठवले.

तू त्यांना पाहिलं नाहीस. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात एक गोसावी उतरायचे, काका त्यांच्या संगतीने चिलीम ओढायला लागले. आधी सोमवारी, मग रोज. फार गोड माणूस. कधी कुणावर हात उगारला नाही, कर्ज केलं नाही, भजनाला बसले की आवाज असा लागायचा की बायका चूल सोडून ओट्यावर यायच्या. पण बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचे. विहिरीवर मोट थांबलेली, बैल उभे, काका बांधावर बसलेले. "काका, काय बघताय?" "बघतोय," एवढंच. काकूने शेत चालवलं, दोन मुलं वाढवली, आणि लोक तिलाच म्हणायचे, नशीबवान आहेस, नवरा भक्तिमार्गाला लागलाय. काकांचं तसं होणं गांजामुळे, की मुळात माणूसच तसा होता म्हणून त्याला गांजा आवडला, हे मी वैद्य असूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण भावप्रकाशातला तो एक शब्द वाचला आणि अर्ध्यावर सुटलेली त्यांची सगळी वाक्यं कानात आली.

म्हणून "परंपरेत आहे" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुणाच्या? देवादिकांनी समुद्र घुसळला, हलाहल निघालं, शंकराने ते प्यायलं आणि अंगाची आग शमवायला त्याला भांग दिली, असं लोक सांगतात. आपण त्याला लाडाने भंगड म्हणतो. उज्जैनला महाकालाचा शृंगार भांगेचा करतात, बंगालात विजयादशमीला 'सिद्धी' घोटतात, तांत्रिक ग्रंथांत हिला 'संविदा' म्हणतात आणि मंत्राने शुद्ध केल्याशिवाय घेत नाहीत, पंजाबातल्या निहंग शिखांत ती 'सुखा' आहे. ही सगळी परंपराच. आणि तोंडात तंबाखूची नळी, पुढ्यात भांग, स्नानसंध्येला रजा, असल्या संतांना 'अवघें सोंग' म्हणून झटकणारे तुकोबा? तीही परंपराच, आणि आपल्या घरात तर तीच जास्त जवळची. तुझी आजी माळकरी होती. थोरल्या काकांच्या पायाही पडायची आणि ते देवळाकडे निघाले की दार जरा जोरात लावायची.

बाहेरच्या जगातही हेच. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे शक लोक प्रेतसंस्कारानंतर तंबूत तापलेल्या दगडांवर भांगेचं बी टाकून वाफ घेत, असं ग्रीक हिरोडोटसने लिहून ठेवलं. पुढे १९४७ च्या सुमारास अल्ताई पर्वतातल्या पझिरिक इथल्या थडग्यांत भांड्यातले दगड आणि बिया खरोखरच सापडल्या. इस्राएलमधल्या तेल अराद इथल्या जुन्या देवळाच्या वेदीवर भांगेचा अंश मिळाला, शेणात कालवलेला, हळू जळावा म्हणून. हे वाचल्यावर मला गोवरीवरची धुपाटणी आठवली. आणि जमैकाची गोष्ट तुला आवडेल. १८४५ पासून आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे, मजूर उसाच्या मळ्यांवर तिथे गेले. त्यांच्याबरोबर गांजा गेला, शब्द गेला, चिलीमही गेली. पुढे तिथल्या रास्ताफारी पंथाने तो आपला संस्कार मानला, आणि २०१५ साली तिथल्या कायद्याने त्यांना धार्मिक वापराची मुभा दिली. जहाजाच्या तळघरात काय काय जातं बघ.

आता औषधाचं, कारण तिथे मी तुला अर्धवट सांगितलं तर माझाच धर्म बुडेल. ग्रहणीच्या जुन्या रुग्णांना, सारखे जुलाब होऊन खंगलेल्यांना, मी जातीफलादी चूर्ण दिलं आहे आणि त्याचा गुण आलेला पाहिला आहे. त्यात भांगेचा वाटा मोठा असतो. पण ती शोधन केलेली, म्हणजे धुऊन, दुधात शिजवून, तुपावर परतलेली, मात्रा चिमटीची, आणि रुग्ण दर आठवड्याला समोर. सरकारने आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची जी यादी केली आहे तिच्यात बचनाग, कुचला, धोतरा यांच्या पंगतीत भांग बसली आहे, आणि तिथे ती बसावी याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात ती नेली कोलकात्यातल्या ओशॉघ्नेसी नावाच्या आयरिश डॉक्टरने, १८३९ मध्ये. आधी प्राण्यांना देऊन पाहिली, मग धनुर्वात, पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस, झटके येणारं तान्हं बाळ, संधिवात. पिसाळलेला वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. संधिवाताच्या एका रुग्णाला मात्रा जास्त झाली तर त्याचे हातपाय जिथे ठेवावेत तिथेच राहू लागले! पुढे अमेरिकेच्या औषधकोशात ती १८५० ते १९४२ पर्यंत होती. अर्काची ताकद दर बाटलीला वेगळी, पाण्यात न विरघळल्याने सुईने देता येईना, त्यात अ‍ॅस्पिरिन आलं, त्यामुळे ती मागे पडली.

इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांजावर एक आयोग नेमून देशभर अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या. आपल्या मुंबई इलाख्याची गॅझेटियर ज्यांनी संपादली त्या कॅम्पबेल साहेबांनी भांगेच्या धर्मावर त्याला एक टिपण जोडलं, ते वाचताना हा गोरा अधिकारी स्वतः भाविक झाला की काय असं वाटतं. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरंही उघडली. 'वेडाचं कारण: गांजा' असं लिहिलेलं असे, आणि खणून पाहिलं तर ते पुष्कळदा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाने रकाना भरायचा म्हणून भरलेलं. बेताच्या वापराने फारसं नुकसान नाही, अतिरेकाने आहे, बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा, असं त्यांनी लिहिलं. तुझ्या मित्रांपैकी कुणीतरी हा आयोग नक्की तोंडावर फेकील. तर त्याला सांग की त्या वेळचा गांजा आणि आज शहरात पुडीत मिळणारा निवडक वाणाचा माल एक नव्हे. रोज असला जहाल माल ओढणाऱ्यांत भ्रम, संशय, कानात आवाज येणं हे प्रकार कित्येक पटींनी जास्त दिसतात, आणि विशीच्या आत सुरुवात केली तर अधिक. घरात कुणाला असा आजार असेल तर वाऱ्यालाही उभं राहू नये.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ मध्ये इस्राएलच्या मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने टीएचसी वेगळं काढलं. मग प्रश्न आला की माणसाच्या मेंदूत त्याला बसायला जागा का असावी? १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच गटाला उत्तर मिळालं: मेंदू स्वतःच तसलं एक द्रव्य बनवतो. त्याला नाव काय दिलं ठाऊक आहे? आनंदामाइड. आपला संस्कृत आनंद. भूक, झोप, दुखणं, विसरणं, सगळ्यात त्याचा हात असतो. आणि आता भांगेतल्याच नशा न आणणाऱ्या सीबीडी या भागापासून लहान मुलांच्या हट्टी फेफऱ्यावर औषध निघालं, अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ओशॉघ्नेसीचं ते झटके येणारं बाळ आठव.

परवा माळा आवरताना काकांची चिलीम सापडली. चिलमीला गुंडाळायचं छापीचं फडकं कुजून गेलंय, पण खडा अजून आत आहे, हलवली की वाजतो. काकूला फोन करून विचारलं, काय करू? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "धुऊन ठेव. पण देव्हाऱ्यात नको."

पुढच्या फोनवर मला नीट सांग: किती वाजता घेतलीस, किती वाजता चढली, जेवली होतीस का, दुसरा पेला घेतलास का, शेजारी कोण होतं. वैद्य म्हणून विचारतेय. बरं, आई म्हणूनही.

तुझी,
आई

ता. क. तुमच्याकडे 'सरकारी' पाटीचं भांगेचं दुकान आहे म्हणून फसू नकोस. केंद्राच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे बोंडं-फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. नुसतं पान त्यात येत नाही, म्हणून तिथे परवान्याने विकतात. पण पानाचं काय करायचं ते प्रत्येक राज्य ठरवतं आणि आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो. तेव्हा सुट्टीत येताना बाबांसाठी पेढे आण, मैत्रिणींसाठी भांगेच्या गोळ्या नकोत.